पोलाद तापवताना त्याच्या आत नेमके काय बदलते?

पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, लाल तापलेले असतानाच, त्याची अंतर्गत रचना बदलते ती कशी, आणि त्या अवस्थेत त्याला चुंबक का चिकटत नाही, असे आपण विचारले आहे. उष्मोपचार केलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे अनेक वर्षे माझे काम होते, त्या आधारे उत्तर देतो.

सुमारे ०.८ टक्का कार्बन असलेले, सावकाश थंड झालेले साधे पोलाद घेऊ. त्याचा नमुना पॉलिश करून त्याचा पृष्ठभाग नायटलने (अल्कोहोलमधील सौम्य नायट्रिक आम्लाने) किंचित कोरला, म्हणजे इचिंग केले, की सूक्ष्मदर्शकाखाली बोटाच्या ठशासारख्या रेघा दिसतात. जवळजवळ शुद्ध लोह असलेला फेराइट आणि लोह-कार्बनचे कठीण संयुग असलेला सिमेंटाइट यांचे हे एकाआड एक पातळ थर असून या रचनेला पर्लाइट म्हणतात. तापमान ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली असेपर्यंत हे थर टिकून राहतात. मात्र त्या मर्यादेच्या किंचित खाली पोलाद तासन्‌तास ठेवले, तर सिमेंटाइटचे थर तुटून त्यांच्या गोळ्या होतात आणि पोलाद मऊ पडते.

७२७ अंशांच्या पुढे लोहाचे अणू आपली मांडणीच बदलतात. फेराइटमध्ये घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू असतात, तर ऑस्टेनाइट नावाच्या या नव्या रचनेत ते कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर असतात. ही मांडणी अधिक दाट असल्याने तापत असलेला नमुना या टप्प्यावर प्रसरण पावण्याऐवजी चक्क आखडतो. तरीही फेराइटमध्ये जेमतेम ०.०२ टक्का कार्बन मावतो आणि ऑस्टेनाइटमध्ये २ टक्क्यांपर्यंत, हे प्रथमदर्शनी कोडेच वाटते. त्याचे उत्तर असे की फेराइटमधील मोकळी जागा असंख्य बारीक फटींत विखुरलेली असते, तर ऑस्टेनाइटमध्ये एकूण जागा कमी असली तरी प्रत्येक पोकळी बरीच मोठी असते आणि कार्बनचा अणू तिच्यात त्या मानाने सहज सामावतो.

ऑस्टेनाइटचे कण दोन थरांच्या सीमेवर जन्म घेतात. फेराइट आधी संपतो, सिमेंटाइट मागाहून विरघळतो आणि कार्बन सर्वत्र सारखा पसरायला आणखी वेळ लागतो. म्हणूनच योग्य तापमान गाठताक्षणी पोलाद भट्टीबाहेर काढणे चुकीचे ठरते.

आता चुंबकाविषयी. ऑस्टेनाइट लोहचुंबकीय नसतो, त्यामुळे वरील पोलाद रूपांतराबरोबरच चुंबकत्व गमावते. परंतु ०.२ टक्का कार्बनच्या पोलादात अजून ऑस्टेनाइट न झालेला फेराइटही ७७० अंशांना चुंबकत्व सोडतो, आणि पूर्ण ऑस्टेनाइट होण्यासाठी मात्र सुमारे ८५० अंश लागतात. अशा पोलादासाठी, चुंबक चिकटेनासा झाला म्हणजे पोलाद पुरेसे तापले, या चाचणीवर विसंबू नये, असे माझे मत आहे.

याहून बरेच अधिक तापवल्यास रचना तीच राहते, पण मोठे कण लहान कणांना गिळून वाढत जातात, आणि असे भरड कणांचे पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून झटकन थंड केल्यावर (विझवल्यावर) ठिसूळ निघते.