पायथॉनचा जुना कोड एआयकडून जावात करून घेतला, तर भरवसा ठेवता येईल का?

तुम्ही म्हणताय की पगार आणि शिफ्टचा हिशोब करणारा पायथॉन कोड एआयनं मिनिटभरात जावात करून दिला, तो चाललाही, मग आता थेट लाइव्ह करायचा का?

एवढ्यात नको. चालला म्हणजे कंपाइल झाला आणि चार नेहमीच्या इनपुटला उत्तर बरोबर आलं, इतकंच. सिंटॅक्समध्ये, म्हणजे भाषेच्या व्याकरणात, एआय हल्ली फारसं चुकत नाही, आणि नसलेली मेथड ठोकून दिलीच तर कंपायलर तिथेच अडवतो. खरी गोम असते ती दोन्ही भाषांत दिसायला सारख्या, पण वागायला वेगळ्या ओळींमध्ये.

शिफ्टचंच घ्या. तीन दिवस मागे जायला कुणीतरी (दिवस - ३) % ७ असं लिहिलेलं असतं (% म्हणजे भागून उरलेली बाकी). दिवस १ असेल तर पायथॉन ५ देतं. जावात तीच ओळ जशीच्या तशी बसते, पण उत्तर येतं -२. असा इंडेक्स (क्रमांक) घेऊन अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, गेलं की प्रोग्रॅम आपटतो. तेही बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. इथे % ऐवजी जावाचं मॅथ.फ्लोअरमॉड वापरायचं, ते पायथॉनसारखीच बाकी देतं.

पगारात काहीच आपटत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. ओव्हरटाइम ६१२.५० रुपये झाला, तर पायथॉन ३ चं राउंड ६१२ देतं, कारण बरोबर अर्ध्यावरची रक्कम ते सम आकड्याकडे नेतं. जावाचं मॅथ.राउंड देतं ६१३. गंमत म्हणजे ६१३.५० ला दोघंही ६१४ म्हणतात. तपासताना तुमच्या हाती नेमकी हीच नोंद लागली, तर सगळं आलबेल वाटणार. आणखी एक, रक्कम पैशांत साठवत असाल तर जावाचा इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) २१४७४८३६४७ ला संपतो, म्हणजे साधारण २ कोटी १४ लाख रुपये. त्यापुढे एररही न देता तो ऋण होतो. पायथॉनच्या पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही, त्यामुळे मूळ कोडमध्ये कुणी याचा विचार केलेला नसतो. एआयला आधीच बजावा की एकूण बेरजेला लाँग (मोठा पूर्णांक) हवा आणि व्याज-टक्केवारीला बिगडेसिमल (नेमका दशांश).

मग तपासायचं कसं? जुना प्रोग्रॅम फेकू नका, तोच तुमचा पंच. गेल्या वर्षभराचा खरा डेटा, नावं काढून, दोन्हीकडे द्या. त्यात मुद्दाम काही वाकड्या नोंदी घाला: ५० पैसे, शून्य, ऋण रक्कम, रिकामी यादी, २९ फेब्रुवारी. दोन्हींचं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि डिफ मारा, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल चालवा. फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्रान्सकोडर हे कोड एका भाषेतून दुसरीत नेणारं एआय मॉडेल केलं, तेव्हा त्यांनीही भाषांतर नमुना उत्तराच्या मजकुराशी किती जुळतं यापेक्षा ते चालवल्यावर उत्तर तेच येतं का, यालाच महत्त्व दिलं होतं. टेस्ट मात्र त्याच एआयला जावाचा कोड दाखवून लिहायला सांगू नका. ते आपल्याच गैरसमजावर शिक्का मारून देईल.

पुढच्या वेळी अख्खी फाइल देण्याऐवजी एकेक फंक्शन द्या आणि 'सुधारणा करू नकोस, वागणूक तीच ठेव' हे स्पष्ट लिहा. न विचारता साफसफाई करण्याची त्याला भारी हौस. (आणि कंपनीचा कोड बाहेरच्या टूलमध्ये टाकायला परवानगी आहे ना, तेही विचारून घ्या. पासवर्ड तर आधी काढाच.)

डिफमध्ये ६१२ आणि ६१३ चा फरक दिसला, तर बरोबर कोणतं हे तुम्ही ठरवू नका, एआयनं तर नाहीच. तो अकाउंट्सचा प्रश्न आहे. आधी मॅथ.रिंट वापरून जुन्यासारखंच ६१२ आणा आणि तसंच लाइव्ह करा. अकाउंट्सनं लेखी कळवलं की राउंडिंग वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या स्वतंत्र नोंदवलेल्या बदलात) बदला. दोन्ही एकदम केलंत, तर पुढच्या महिन्यात कुणाच्या पगारात आलेला रुपयाचा फरक भाषेमुळे की नियमामुळे, हे शोधत बसावं लागेल.