आधी नोटीस, मग जिनिव्हा

प्रिय बेटा,

बस्ती पाडल्याविरुद्धच्या याचिकेचा तुझा मसुदा काल रात्री वाचून संपवला. 41 पानं. मानवी हक्कांचा जाहीरनामा पहिल्याच पानावर, युरोपातल्या न्यायालयाचे दोन निकाल 6व्या पानावर, आणि नाल्याकाठच्या त्या बस्तीत खांबावर चिकटवलेली नोटीस कुठे? 33व्या पानावर, परिशिष्टात! शनिवारी संध्याकाळी चिकटवली आणि सोमवारी सकाळी भर पावसात बुलडोझर आला. अगं, केस तीच आहे.

रागावलो नाही. हाच प्रकार मी तुझ्यापेक्षा मोठ्या वयात केला होता. कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण होतं. मी उभा राहिलो आणि छळविरोधी कराराची कलमं धडाधड म्हणायला लागलो. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, हा करार भारताने रॅटिफाय केलाय का?" भारताची सही 1997 ची. पुढचं अनुसमर्थन (रॅटिफिकेशन, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता) झालं नव्हतं, अजूनही झालेलं नाही. माझी वाचाच बसली. मागच्या बाकावरची पोट्टी खुदकन हसली, ते अजून कानात आहे. शेवटी न्यायमूर्तींनीच मला निलाबती बेहेरा प्रकरणाच्या 1993 च्या निकालाकडे नेलं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम 9(5) वर भारताने आपली हरकत ('हे कलम आम्हाला बांधणार नाही' अशी अट) नोंदवून ठेवलेली असतानाही सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात नुकसानभरपाईसाठी त्याच कलमाचा आधार घेतला होता. तेव्हापासून कुठलाही करार हातात आला की मी आधी तीन गोष्टी तपासतो: सही आहे का, अनुसमर्थन आहे का, हरकत कुठल्या कलमावर आहे.

या चाळणीतून तुझा मसुदा गाळ. 1948 चा जाहीरनामा वजनदार आहे, त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आली ती आपल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. पण तो करार नव्हे. युरोपचा मानवी हक्कांचा करार आपल्याला लागूच नाही. त्याखालचे निकाल फार तर 'असाही विचार होतो' म्हणून दाखवायचे. भारताला बांधतात ते 1966 चे दोन करार, आणि त्यांत आपण 10 एप्रिल 1979 ला सामील झालो. तुझ्या कामाचा त्यातला दुसरा, आर्थिक-सामाजिक हक्कांचा. त्याच्या कलम 11 मध्ये निवारा आहे.

आता सरकारी वकील काय म्हणतील ते मी आजच सांगतो. पहिलं, "हा करार दिल्लीने केला, इथल्या स्थानिक संस्थेचा काय संबंध?" त्याच कराराचं कलम 28 उघड: संघराज्याच्या सगळ्या भागांना, कुठलीही मर्यादा किंवा अपवाद न ठेवता, तो लागू आहे. बुलडोझर कुठल्या खात्याचा होता याच्याशी आंतरराष्ट्रीय कायद्याला घेणंदेणं नसतं. त्याच्या लेखी तो भारताचाच.

दुसरं, "संसदेने याचा कायदा कुठे केलाय?" हा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नकोस. आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. संविधानाचं कलम 253 संसदेला तसा कायदा करण्याची मुभा देतं. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या 1997 च्या विशाखा निकालाने वाट दाखवली: देशी कायदा मौन असेल आणि करार त्याच्या विरोधात जात नसेल, तर करार मूलभूत हक्कांत वाचता येतो. म्हणून तुझी याचिका कराराखाली नाही, संविधानाच्या कलम 21 खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली उभी राहील. करार तिला मागून टेका देईल.

तिसरं, "पैसा नाही." इथे तुझा मसुदा गडबडलाय. तू 'शासनाने घरं द्यावीत' हेच पुन्हा पुन्हा लिहिलंयस. राज्याचं कर्तव्य तीन थरांचं असतं. स्वतः हक्क मोडू नये, दुसऱ्याला मोडू देऊ नये, आणि जिथे हक्क पोचलेलाच नाही तिथे तो पोचवावा. तिसऱ्याला वेळ आणि पैसा लागतो, करारही 'उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, टप्प्याटप्प्याने' असंच म्हणतो. पण पहिल्याला काय लागतं? उभं घर न पाडायला दमडी लागत नाही. नोटीस द्यायला एक कागद लागतो.

दुसरा थर तर तुझ्या फोटोंतच आहे आणि तू त्यावर एक ओळ लिहिली नाहीस. पलीकडच्या काठावर कुणा खासगी माणसाने मुरूम टाकून नाला अर्ध्यावर आणलाय, पाणी या बाजूला ढकललंय. तो भराव शासनाने टाकलेला नाही. पण तक्रारी येऊनही तो थांबवला नसेल तर जबाबदारी शासनावर येते. तक्रारअर्जांच्या पोचपावत्या शोध.

आणि नोटिशीसाठी या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची 1997 ची जनरल कमेंट क्रमांक 7 वाच. खरी सल्लामसलत, पुरेशी मुदत, दाद मागायची सोय, आणि रहिवाशांची संमती नसेल तर रात्री किंवा फार खराब हवामानात पाडापाडी नाही. ही कमेंट बंधनकारक नाही, अधिकृत अर्थ आहे, तसंच लिही. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2024 चा 15 दिवसांच्या नोटिशीचा निकाल तू मोठ्या उत्साहाने जोडलायस, पण तो पुढेही वाच. रस्ते, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा आणि नदी-जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली आहेत. समोरचा वकील नाल्याला त्यात बसवणारच. म्हणून तर कमेंट हवी: सक्तीने घर काढण्याचे नियम सांगताना ती नाल्याकाठ वगळत नाही.

शेवटचा परिच्छेद, 'अन्यथा जिनिव्हात दाद मागू' (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढे), काढून टाक. वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारे प्रोटोकॉल, म्हणजे जोड-करार, भारताने स्वीकारलेलेच नाहीत. तिथे आपली हजेरी लागते ती अहवालापुरती. नागरी हक्कांच्या समितीपुढे आपण 1997 नंतर थेट 2024 ला उभे राहिलो. असल्या धमकीने कोर्टात फक्त हसू येतं.

बस्तीतल्या त्या आजींचं एक वाक्य तू शपथपत्रात शुद्ध मराठीत बदललंस: 'आमच्याशी विचारविनिमय करण्यात आला नाही.' त्या माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "आमाले कोनं इचारलंच नाई." तेच ठेव. सल्लामसलतीवरचा सगळा कायदा त्या चार शब्दांत आहे, आणि ते पहिल्या पानावर येऊ दे.

गुरुवारी पाच वाजता ऑफिसला ये. 20 पानांच्या आत आण. आजींची जुनी वीजबिलं प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात भिजून शाई उडालेली. त्यांची झेरॉक्स नको, मूळ बिलं आण. आणि पिशवी उघडायची ती त्यांच्याच समोर.

तुझा,
सर