लॅपटॉप जोडला तरी प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’ का येतं? चित्र पिवळट आणि तिरकं का दिसतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शाळेला देणगीत जुना प्रोजेक्टर मिळालाय, त्याला मागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट आहे. लॅपटॉप नवा, त्याला फक्त एचडीएमआय. मध्ये बाजारातून आणलेला कन्व्हर्टर. कधी चित्र येतं, कधी ‘नो सिग्नल’. आलं तर पिवळट, वर रुंद आणि खाली अरुंद. आवाज प्रोजेक्टरकडे जातच नाही. पालकसभा पुढच्या आठवड्यात आहे आणि दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या.

नवीन घेऊ नका. निदान खालचं सगळं करून बघेपर्यंत तरी नाही. एका कॉलेजच्या सभागृहातली प्रोजेक्टर आणि माइकची व्यवस्था मी बरीच वर्षं सांभाळतो, आसपासच्या शाळांतही मदतीला जातो. तुमच्या चारही तक्रारींत प्रोजेक्टर मेल्याचं एकही लक्षण नाही. भिंतीवर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं स्वच्छ उमटतात म्हणजे दिवा पेटतोय, भिंग ठीक आहे, आतलं सर्किट काम करतंय. त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही एवढंच तो सांगतोय. दोष अलीकडे आहे: वायर, कन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची सेटिंग.

सगळ्यात आधी एक तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. प्रोजेक्टर चालू करा, लॅपटॉप जोडूच नका, आणि रिमोटवरचं किंवा अंगावरचं मेनू बटण दाबा. भिंतीवर मेनू येईल. हा मेनू प्रोजेक्टर स्वतः तयार करतो, त्याचा वायरशी काही संबंध नाही. मेनूतला पांढरा रंग पांढरा दिसत असेल तर पिवळेपणा वायरीतून येतोय. मेनूच पिवळट असेल तर कारण प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये, दिव्यात किंवा भिंतीत आहे. भिंतीचं खरंच मनावर घ्या. शाळांच्या भिंती बहुधा क्रीम किंवा फिकट पिवळ्या असतात. भिंतीवर एक पांढरी कार्डशीट धरा आणि तिच्यावर पडलेला रंग शेजारच्या भिंतीवरच्या रंगाशी ताडून बघा, लगेच कळेल.

आता वायर. व्हीजीएच्या प्लगमध्ये पाच-पाचच्या तीन ओळी असतात, एकूण १५ जागा. रुंद बाजूच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. यातली एक जरी वाकली किंवा आत दबली तरी तो रंग पूर्ण गायब होतो. निळा गेला की पांढरं सगळं पिवळं दिसतं, हिरवा गेला की जांभळट-गुलाबी, लाल गेला की आकाशी. तुमचं चित्र पिवळं आहे, म्हणून माझा पहिला संशय निळ्या पिनेवर आहे. प्लग उजेडात धरून बघा. मधल्या ओळीतली एक पिन, नववी, बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून घाबरू नका. वाकलेली पिन प्लग काढून बारीक चिमट्याने सरळ करता येते, पण एकदा वाकलेली पिन पुन्हा वाकते आणि तुटते. व्हीजीए केबल महाग नसते, बदलून टाका. आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट पिळा. ते शोभेसाठी नसतात. कोणी टेबलाला धक्का दिला की चित्र जातं, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा सैल स्क्रू हेच निघतं.

कधी चित्र येतं आणि कधी नाही, याचं मूळ मात्र मला कन्व्हर्टरमध्ये दिसतं. व्हीजीए ही १९८७ सालची, अ‍ॅनालॉग पद्धत. एचडीएमआय डिजिटल. एकातून दुसऱ्यात नुसत्या तारा जोडून जाता येत नाही, मध्ये रूपांतर करणारी चिप लागते, आणि त्या चिपला वीज लागते. ती वीज लॅपटॉपच्या एचडीएमआय सॉकेटमधून मिळते, ५ व्होल्ट आणि अगदी थोडी. काही लॅपटॉप ती पुरेशी देतात, काही देत नाहीत. तुमच्या कन्व्हर्टरच्या कडेला मोबाइलच्या चार्जरसारखं छोटं सॉकेट असेल तर त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. तसं सॉकेट नसेल तर ते असलेला कन्व्हर्टर घ्या, आणि शक्यतो आवाजाचं गोल भोकही असलेला. घेताना ‘एचडीएमआयमधून व्हीजीएत’ असंच सांगा. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला जवळजवळ तसाच असतो आणि तुमच्या कामाचा नसतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. जोडणी झाली की प्रोजेक्टर लॅपटॉपला कळवतो की मी अमुक आहे, मला अमुक मापाचं चित्र चालतं. हा निरोप पोचला नाही तर लॅपटॉप समजतो की पलीकडे कोणी नाही, आणि चित्र पाठवतच नाही. म्हणून वायरी आधी जोडून ठेवा, मग प्रोजेक्टर चालू करा, दिवा पूर्ण उजळेपर्यंत थांबा, सोर्स किंवा इनपुट बटणाने ‘कॉम्प्युटर’ निवडा, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी चालू करा. मग विंडोजची कळ धरून पी दाबा. चार पर्याय येतील: फक्त लॅपटॉपचा पडदा, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरा पडदा. पालकसभेसाठी डुप्लिकेट घ्या. लॅपटॉपवर जे दिसेल तेच भिंतीवर. एक्स्टेंडमध्ये भिंत हा जादाचा पडदा होतो, माउसचा बाण तिकडे निघून जातो आणि गडबडीत सापडत नाही. एखादी खिडकी अशी पलीकडे गेलीच तर विंडोज आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबा, ती परत येईल.

एवढं करूनही ‘नो सिग्नल’ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, लॅपटॉपचा ग्राफिक्सचा भाग नव्याने सुरू होतो, उघड्या फायली जशाच्या तशा राहतात. संदेश बदलून ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘अनसपोर्टेड’ आला, तर चित्र पोचतंय पण माप झेपत नाही. जुने प्रोजेक्टर बहुधा १०२४ बाय ७६८ चे, काही ८०० बाय ६०० चे. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ते माप आणि ६० हर्ट्झ निवडा. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं जाडजूड आणि ताणलेलं दिसेल. दिसू द्या, भिंतीवर ते नेमकं बसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वर्गातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. प्रोजेक्टर एका बोर्डावर, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या बोर्डावर, आणि त्यातल्या एकाला अर्थिंग नाही, अशी स्थिती मी फार ठिकाणी बघतो. प्लगचा धातू हाताला लागला की झिणझिण्या येतात. भिंतीवर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत राहतात. आणि चालू स्थितीत वायर जोडताना लॅपटॉपचं सॉकेट कायमचं जाऊ शकतं. पट्टे दिसले तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पट्टे गेले तर कारण हेच. दोन्ही यंत्रं तीन पिनांच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, तिसरी पिन कापलेला प्लग वापरू नका, आणि वर सांगितल्याप्रमाणे वीज सुरू करण्याआधी वायरी जोडा. मुलं मदतीला येतात, वायरी हातात घेतात. झिणझिण्या येणाऱ्या प्लगला त्यांना हात लावू देऊ नका.

वर रुंद, खाली अरुंद चित्राचं कारण सोपं आहे. प्रोजेक्टर खाली बाकावर आहे आणि पुढचे पाय उंच करून तो वर बघतोय. चित्राची वरची कड भिंगापासून जास्त लांब पडते म्हणून ती रुंद होते. मेनूतल्या कीस्टोन नावाच्या सेटिंगने ते सरळ होतं, पण प्रोजेक्टर हे चित्राचा काही भाग दाबून करतो, त्यामुळे बारीक अक्षरं मऊ पडतात. त्यापेक्षा प्रोजेक्टरच उंच टेबलावर न्या. बहुतेक प्रोजेक्टरची रचना अशी असते की सपाट ठेवला तर चित्राची खालची कड भिंगाच्या जवळपास उंचीला येते आणि उरलेलं चित्र वर जातं. म्हणजे चित्र जिथून सुरू व्हायला हवं त्या उंचीला भिंग आणा, प्रोजेक्टर सपाट ठेवा आणि भिंतीला काटकोनात धरा. राहिलेला किंचित तिरकेपणा कीस्टोनने काढा.

अंतर साधारण चित्राच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट धरा: २ मीटर रुंद चित्राला ३ ते ४ मीटर. भिंतभर चित्र करायचा मोह आवरा. रुंदी दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र फिकं पडतं. जुन्या दिव्यासाठी लहान आणि ठसठशीत चित्र कधीही बरं. खिडक्यांना जाड सतरंज्या लावल्या तरी खूप फरक पडतो. पांढऱ्या गुळगुळीत फळ्यावर चित्र टाकू नका, मधोमध दिव्याची तिरीप चमकते आणि समोरच्या बाकांवरच्यांना काही वाचता येत नाही.

आवाजासाठी प्रोजेक्टरच्या मागे लागू नका. व्हीजीए वायर आवाज नेतच नाही, आणि प्रोजेक्टरमधला स्पीकर सभेला पुरण्याइतका मोठा नसतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सरळ शाळेच्या ध्वनिक्षेपकाला वायर द्या. कन्व्हर्टर लावल्यावर लॅपटॉपचा स्वतःचा आवाजही बंद झाला तर समजा, विंडोजने आवाज एचडीएमआयकडे वळवलाय. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा स्पीकर निवडा.

पालकसभेच्या स्लाइड्स मराठीत असतील. त्या दुसऱ्या संगणकावर श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये केल्या असतील, तर तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा काला दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये टाइप करा, किंवा मूळ संगणकावरच पीडीएफ करून आणा. अक्षरं मोठी ठेवा, आणि आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघा. शेवटी बसलेली आजी नातवाचं नाव वाचू शकली पाहिजे. सूचनांचे आवाज आणि चौकटीही बंद करा. एखाद्या पालकाचा खासगी मेसेज सगळ्यांसमोर भिंतीवर यायला नको. व्हिडिओ दाखवायचा असेल तर तो आधी उतरवून ठेवा. सशुल्क अ‍ॅपमधले चित्रपट असल्या कन्व्हर्टरमधून बहुधा काळेच दिसतात, कारण त्यांना नक्कल रोखणारं संरक्षण असतं. वायफायवरून चित्र पाठवायचा पर्याय लॅपटॉपमध्ये दिसेल. कार्यक्रमाला मी वायरच वापरतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

सभा संपली की रिमोटने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण दाबू नका. जुन्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, तो प्रचंड तापतो, आणि पंखा मध्येच थांबला तर त्याचं आयुष्य घटतं. तुमच्याकडे वीज जात असेल तर प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा. कडेची जाळी काढून मऊ ब्रशने धूळ झटका. खडूची धूळ तिथे दाट बसते आणि प्रोजेक्टर तापून मध्येच बंद पडतो.

नवीन घ्यायचा का, हे मेनूतल्या ‘लॅम्प अवर्स’वर ठरवा. असे दिवे साधारण २ ते ५ हजार तास चालतात, नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. तास त्या आकड्याच्या पुढे गेले असतील आणि मेनूही मंद दिसत असेल, तर आधी दिव्याची किंमत विचारा, मग नवीन प्रोजेक्टरची. भिंतीवर न हलणारे पांढरे ठिपके पसरत चालले असतील आणि तुमचा प्रोजेक्टर डीएलपी जातीचा असेल, तर आतले सूक्ष्म आरसे अडकू लागलेत. तो खर्च जुन्यावर करू नका.

आज मेनूची तपासणी आणि वायर एवढंच करा, कन्व्हर्टरचं उद्या बघा. मेनू कसा दिसला, प्लगमधल्या पिना कशा आहेत आणि प्रोजेक्टरच्या अंगावरचे दिवे कुठल्या रंगात लुकलुकतात, हे मॉडेलच्या नावासकट इथेच खाली लिहा. मी रात्री बघतो आणि पुढचं सांगतो.