पहिली नौका लहानच असावी
जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधताना पहिल्याच प्रयत्नात ‘व्हिक्टरी’ या १०४ तोफांच्या ब्रिटिश युद्धनौकेचा संच घेण्याचा मोह आपण टाळावा, कारण दोरखंडांच्या त्या जाळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच अनेकांचा उत्साह ओसरलेला मी पाहिला आहे, त्याऐवजी एका डोलकाठीची साधी नौका निवडावी. खरी कसोटी फळ्या बसवण्यात आहे. सांगाड्याच्या आडव्या चौकटींच्या कडा घासून झाल्यावर, त्यांवर वाकवून धरलेली पातळ पट्टी प्रत्येक चौकटीला सलग टेकते का, हे पाहिल्याशिवाय एकही फळी चिकटवू नये. नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, चौकटींचा घेर कमी होत जातो, म्हणून फळ्या त्या टोकाला निमुळत्या कराव्या लागतात, आणि या कामाला घाई मुळीच मानवत नाही. १:६४ प्रमाणात सहा फुटी खलाशी जेमतेम २९ मिलिमीटर उंच भरतो. दोरखंड म्हणून वापरायच्या दोऱ्याची जाडी त्याच्या मुठीशी ताडून निवडावी.