एवढा पगार असून काय दुखते रे तुले?

हे वाक्य दारव्ह्याकडच्या एका कास्तकार बापाचं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोराला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले होते (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय). पोरगा हैदराबादला, एका नावाजलेल्या मोठ्या टेक कंपनीत. सणाला म्हणून आला आणि खोलीतून निघेचना, वरून म्हणे नोकरी सोडतो.

पगार आहे, नाव आहे, तरी मन लागत नाही, माझ्यातच खोट आहे का मॅडम, असं विचारणारे बरेच येतात. खोट वगैरे नसते हो.

बोलता बोलता बाहेर बसलेल्या बाईचा मोबाईल वाजला आणि हा खुर्चीतून अर्धा उठला, हात खिशाकडे. याचा फोन तर घरीच होता! मग निघालं की दर महिन्याला एक आठवडा याची ऑन-कॉलची पाळी, फोन उशाशी, रात्री तीनला सिस्टीम बंद पडली की उठायचं. त्यात कामाचं रेटिंग, टीममधे सगळ्यांनी मरमर केली तरी कुणाला तरी खालच्या खान्यात टाकायचंच. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची वर्गवारी २०१३ मधेच बंद केली, पण इतर ठिकाणी या ना त्या नावाने ती चालू असतेच.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. आठ महिने खपून एक काम उभं केलं आणि एक दिवस मेल आला, प्रोजेक्ट बंद. कोणी दोन शब्दही बोललं नाही, सोमवारपासून दुसरी टीम.

हे ऐकून बापाने एवढ्या वेळात पहिल्यांदा वर पाहिलं. २०१७ साली बोंडअळीनं कपाशी गेली तेव्हा त्यांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला होता. "मंग असं सांग ना लेका," एवढंच म्हणाले. मी गप्प बसले, कारण माझं निम्मं काम त्यांनी करून टाकलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे बर्नआउटला आजार नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय, तीन खुणा सांगितल्यात, थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. याच्यात तिन्ही होत्या. म्हणून म्हटलं राजीनामा आज नको, आधी झोप, आणि पंधरा दिवस रोज लिही, आज कशानं जीव नकोसा झाला आणि कशात वेळ कसा गेला कळलं नाही. वहीत निघालं काय, तर कोडिंग अजूनही आवडतं, नकोशी झालीय ती ऑन-कॉलची पाळी आणि तो बॉस. कंपनीचे शेअर चार वर्षांत थोडे थोडे हातात पडतात, मधेच सोडलं तर उरलेले जातात, ती दावण पण मोजून घे म्हटलं, किती सुटेल, बहिणीच्या लग्नाला किती लागेल, आकडा मांडला की भीती जरा आटोक्यात येते.

सध्या तो तिथेच आहे, टीम बदलायचा अर्ज टाकलाय, उत्तर यायचंय. बाप रोज सकाळी फोन करतो. पगाराचं विचारत नाही.

"काल रात्री वाजला का रे तो भोंगा?"