बोट उचललं की वाजतो, ठेवलं की गप्प

प्रश्न : सेकंडहँड कोर्ग एमएस-20 मिनी सिंथ (सिंथेसायझर) घेतला. त्याला आर्टुरियाचा कीस्टेप कीबोर्ड सीव्ही (कोणता सूर ते सांगणारं व्होल्टेज) आणि गेटच्या (बोट ठेवलं की उचललं ते सांगणाऱ्या) वायरींनी जोडला तर सूर कुठल्या कुठे जाऊन राहिला, वरच्या सप्तकात तर काही ताळमेळच नाही. वरून बोट ठेवलं की गप्प अन् उचललं की वाजते. फसलो का मी?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही हो भाऊ, सिंथला काही झालेलं नाही, विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. भानगड अशी आहे की जॅक दोन्हीकडे सारखाच, साडेतीन एमएमचा, म्हणून आपल्याला वाटतं वायर बसली म्हणजे काम झालं, पण त्या वायरीतून जे व्होल्टेज जातं त्याचा अर्थ दोघं वेगवेगळा लावून राहिले.

कीस्टेप तुम्ही काही बदललं नसेल तर एक व्होल्टला एक सप्तक या हिशोबानं चालतो, मूग, रोलँड, एआरपी हे सगळे त्याच घराण्यातले. 1 व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर, आणि शेजारच्या पट्टीला त्याचा बारावा भाग, म्हणजे 83 मिलिव्होल्टच्या आसपास. कोर्गचं आणि जुन्या यामाहाचं घराणं वेगळं, हर्ट्झ पर व्होल्ट. तिथे सप्तक चढायचं तर व्होल्टेज दुप्पट करावं लागतं, 1, मग 2, मग 4, मग 8. आता मजा बघा, 1 वरून 2 ला गेलात तर दोन्हीकडे सप्तकच, म्हणून आधी वाटतं की जमलं. पण पुढच्या सप्तकासाठी कीस्टेपनं 3 व्होल्ट पाठवले की एमएस-20 म्हणतो 2 चे 3 झाले, दीडपट, म्हणजे सा वरून पंचम! आणखी एक सप्तक वर बोट ठेवा, 4 व्होल्ट, तेव्हा कुठे त्याचा वरचा सा लागतो. तुम्ही दोन सप्तकं चढले अन् तो एकच चढला. मधल्या पट्ट्यांचं तर विचारूच नका.

बोटाचं गणित उलटं झालं ते गेटमुळे. कीस्टेप बोट ठेवल्यावर व्होल्टेज वर नेतो, त्याला व्ही-ट्रिग म्हणतात. एमएस-20 ला पाहिजे एस-ट्रिग, म्हणजे ती तार जमिनीला, ग्राउंडला टेकली की तो वाजणार. तुम्ही बोट उचललं की व्होल्टेज शून्यावर येतं, त्याला वाटतं आता वाजायचं, बिचारा इमानदारीनं वाजतो.

उपाय फुकटचा आहे. कीस्टेप कॉम्प्युटरला लावा, आर्टुरियाचं मिडी कंट्रोल सेंटर हे सॉफ्टवेअर उघडा, पिच हर्ट्झ पर व्होल्टवर आणि गेट एस-ट्रिगवर टाका, झालं. आणि खरं सांगू का, नुसते सूरच वाजवायचे असतील तर एमएस-20 मिनीला मागे पाच पिनी मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा ते आकड्यांत सांगणारी जोडणी) इन आहे, कीस्टेपला मिडी आऊट आहे, एक वायर लावा अन् मोकळे व्हा, सीव्हीच्या मागे काऊन लागता? मिडीवरून तो नोट सोडून फारसं काही ऐकत नाही हे खरं, पण त्याचा फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा भाग) हातानं फिरवण्यातच तर मजा आहे.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा आहे. ऑक्टोपॅडच्या एका पॅडवर सिंथचा बेस वाजवायचाय. मिडी जोडली, सिंथचा लाइट लुकलुकते पण आवाज नाही, कधी आलाच तर टिक् करून मरते.
– वाचक, इतवारी

उत्तर : लाइट लुकलुकते म्हणजे वायर बरोबर आहे, आऊट मधून इन मध्येच गेली आहे. (घरातल्या जुन्या टेपची पाच पिनी वायर वापरत असाल तर मात्र ती बदला, दिसते तशीच पण आतल्या तारा कधीकधी भलत्याच पिनांना असतात, मिडीला 4, 5 आणि 2 नंबरची पिन लागते.) आधी चॅनेल बघा. मिडीत 16 चॅनेल असतात, ड्रमवाली मशीन बहुतेक 10 वर बोलते आणि सिंथ 1 वर कान लावून बसलेला असतो. टिक् होते ते असं की काठी पॅडवर पडून लगेच उडते, पॅड नोट चालू म्हणतो अन् लगेच बंद म्हणतो, सिंथचा अटॅक (आवाज वर यायला लागणारा वेळ) जरा हळू असला तर आवाज वर यायच्या आतच खेळ खलास. पॅडच्या मिडी सेटिंगमध्ये गेट टाइम (नोट किती वेळ चालू राहील तो) असतो तो वाढवा, नाहीतर सिंथवर अटॅक शून्य आणि रिलीज (नोट बंद झाल्यावर आवाज विरायचा वेळ) थोडा लांब ठेवा. नोट नंबरही बघून घ्या, 36 आणि 48 मध्ये पूर्ण सप्तकाचा फरक आहे, स्टेजवर बेस एकदम वरून वाजला तर गायकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रश्न : वोल्का बीट्स या ड्रम मशीनला दुसऱ्या सिक्वेन्सरच्या (ठरवलेले सूर-ताल आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या) क्लॉकवर, म्हणजे लय धरायच्या ठोक्यांवर, लावलं तर वेड्यासारखं पळते.
– वाचक, सदर

उत्तर : सिक्वेन्सर एका मात्रेला 24 ठोके पाठवत असेल आणि वोल्काच्या सिंकला पाहिजेत 2, म्हणून बारापट पळते. सिक्वेन्सरमध्ये क्लॉक 2 पीपीक्यूवर (एका मात्रेला 2 ठोके) टाका. किंवा सरळ वोल्काच्या मिडी इनमध्ये जा, मिडीचा क्लॉक 24 चाच आहे आणि तो हिशोब वोल्काला कळतो.

प्रश्न : हिवाळ्यात दोन्ही सिंथ एकमेकांशी जुळलेले होते, मे मध्ये एक भलतीकडेच चालला. सिक्वेन्सर खराब?
– वाचक, धरमपेठ

उत्तर : सिक्वेन्सर नाही, नागपूर! अॅनालॉग ऑसिलेटरमध्ये (सूर तयार करणाऱ्या भागात) व्होल्टेजचं सुरात रूपांतर ट्रान्झिस्टर करतो आणि तो गरम झाला की दर डिग्रीला जवळजवळ 0.33 टक्के हिशोब चुकवतो. ते सांभाळायला आत 3300 पीपीएमचा (म्हणजे दर डिग्रीला तितकाच, 0.33 टक्के बदलणारा) टेम्पको रेझिस्टर टाकतात, पण सगळ्यांत तो नसतो, असला तरी ट्रान्झिस्टरला चिकटून नसला तर अर्धंच काम करतो. तो नसेल अन् खोली 10 डिग्रीनं तापली तर एका सप्तकात साधारण 40 सेंटचा (एका पट्टीत 100 सेंट) फरक, म्हणजे अर्ध्या पट्टीला जरा कमी, कानाला कचकन लागतो. म्हणून वाजवायच्या अर्धा तास आधी सिंथ चालू करून ठेवा, मगच ट्यून करा, खालचा आणि दोन सप्तकं वरचा असे दोन्ही सूर तपासा. आणि कूलर सिंथवर सोडू नका, पंपवाला तर नाहीच, झोत आला की सूर एकीकडे, थांबला की दुसरीकडे, वरून ओली हवा जॅकमध्ये जाते ते वेगळंच.