पुराणातले प्राणी खरे मानायचे की सोडून द्यायचे?

तुमचा प्रश्न असा, की मकर, शरभ, सोनं उकरणाऱ्या मुंग्या असलं काही ग्रंथांत वाचलं की शिकलेल्या माणसाने ते खरं मानावं की भाकडकथा म्हणून सोडून द्यावं. मी यातलं काहीच करत नाही. लिहिणाऱ्याने काय पाहिलं असेल, किंवा त्याला काय सांगायचं असेल, हे आधी विचारते. ही सवय मला कृष्णेकाठी लागली.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, भिलवडीजवळ. देवळात अभिषेकाचं पाणी भिंतीतल्या एका दगडी तोंडातून बाहेर पडायचं. लहानपणी मी ते बोटांनी चाचपत बसायची. वर वळलेली सोंड, खाली दातांची रांग, गालावर खवले. आजी म्हणायची, हा मकर, गंगेचं वाहन. मला तो कुणीतरी चुकवलेला हत्ती वाटायचा.

मग एका जानेवारीत काकांनी घाटावरून पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. ओंडका पडला होता. बघता बघता त्या ओंडक्याने जबडा उघडला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. थंडीत मगर ऊन खात अशी पडते, हे पुढे कळलं. नंतर ती पाण्यात सरकली. दोन डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर राहिल्या, आणि शेपटीचा एक फटकारा दिसला. माशासारखी दोन्ही बाजूंनी चपटी शेपटी. काका म्हणाले, "आता सांग, कशी होती?" मला पायच आठवेनात. दात, डोळे, शेपटी एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून मी त्या दगडी तोंडाला हसले नाही.

'मगर' हा शब्दही 'मकर'वरूनच आला. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'झषाणां मकरश्चास्मि' असं आहे, आणि झष म्हणजे मासा. म्हणजे तेव्हा मकराची गणती माशांत होत होती. तरी मकर म्हणजे मगरच, असं मी ठासून सांगणार नाही. संस्कृतात मगरीसाठी नक्र, ग्राह, कुंभीर असे वेगळे शब्द आहेत. कुणी नदीतला डॉल्फिनही सुचवतात. सोंड बहुधा शिल्पकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सजवत नेली असावी.

मुंग्यांचं तर मला फारच नवल वाटतं. सभापर्वात युधिष्ठिराच्या यज्ञाला उत्तरेकडचे राजे मुंग्यांनी दिलेलं 'पिपीलिक' सोनं द्रोण नावाच्या जुन्या मापाने मोजून आणतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसही हिंदुस्थानातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांबद्दल लिहितो, कुत्र्याहून लहान आणि कोल्ह्याहून मोठ्या. इतक्या लांबच्या दोन माणसांनी एकच थाप कशी मारावी? 1996 साली मिशेल पेसेल या फ्रेंच अभ्यासकाने एक उत्तर मांडलं. काश्मीरच्या उत्तरेकडच्या देवसाईच्या पठारावर मार्मोट नावाचे घुशीसारखे प्राणी बिळं खणतात, त्यांनी बाहेर टाकलेल्या मातीत सोन्याचे कण असतात आणि तिथले लोक ते वेचत. हे शेवटचं उत्तर असेल असं नाही. पण हसून पान उलटलं असतं, तर तो त्या पठारावर गेलाच नसता.

शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या दिसणाऱ्या त्या पुराणातल्या प्राण्याचं, मात्र वेगळं. नरसिंहाचा क्रोध आवरायला शिवाने घेतलेलं ते रूप, आणि आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो हत्तींना पंजात दाबून उभा असतो. त्याच्यामागे कुठला प्राणी होता हे मी शोधत नाही. दरवाजाखाली उभं राहून वर बघितलं, की तो तिथे का कोरलाय ते कळतं.

आणि खोटं ते खोटंच म्हणायचं. घटोत्कचाचा सांगाडा सापडला म्हणून जो फोटो फिरतो, तो आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. तो 2002 साली वेगवेगळे फोटो जोडून नवं चित्र बनवण्याच्या एका स्पर्धेसाठी बनवला होता, आणि 2007 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने तसं लिहिलंही. मी भावाला फोन करून सांगितलं. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. कर्णाची शक्ती अंगावर घेऊन अर्जुनाला वाचवणारा घटोत्कच हाडांच्या फोटोवाचून लहान होतो का?

जिवंत प्राण्याच्या जिवावर बेततं तिथे मात्र मी अजिबात गप्प बसत नाही. मांडुळाला आपल्याकडे दुतोंड्या म्हणतात. दोन तोंडं आहेत, गुप्तधन दाखवतं, या समजुतीपायी त्याची चोरून विक्री होते. गेल्या वर्षी उसाला दारं धरताना सरीत एक निघालं. मी दोन्ही मुलांना बांधावर बसवलं आणि म्हटलं, हात लावू नका, नीट बघा. एका टोकाला बारीक डोळे आणि लपलपणारी जीभ, दुसऱ्या टोकाला नुसते खवले. धाकटी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, ते घाबरलंय. डोकं खाली लपवून शेपूट वर करतंय."

आम्ही पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. थोड्या वेळाने ते बांधाच्या भुसभुशीत मातीत शिरलं.